कप्पी बदलायला आख्खी काठी?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडात साउथॅम्प्टनला असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी शिडाची बोट घेतली. वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटी, 1974 ची. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, शीड वर चढतं पण खाली येताना अडतं, टोकावरची कप्पी गेलीय. तिथला कारागीर म्हणतो, क्रेन लावून आख्खी डोलकाठी उतरवावी लागेल. मी एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली. गावच्या आडावरची कप्पी मी आडव्या फळीवर बसून अर्ध्या तासात बदललेली आहे. कप्पी ती कप्पी. पोराला फसवतायत का? की त्या टोकावर मला माहीत नसलेलं काही असतं? दुसरं असं, की सून दिवाळीला येतेय. इथे स्टेनलेसचे नटबोल्ट स्वस्त मिळतात, ते तिच्याबरोबर पाठवू का?
— एक निवृत्त मेकॅनिक, मिरज

उत्तर : फसवत नसावेत. पण तुमची शंका रास्त आहे, आणि अर्धं उत्तर तुमच्या आडावरच आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

बारा किलोची भरलेली बादली तुम्ही वर ओढता तेव्हा कप्पीच्या आसावर बारा किलो येत नाहीत, चोवीस येतात. एका बाजूनं बादली खाली खेचते, दुसऱ्या बाजूनं तितकंच तुम्ही खेचता. शिडाच्या दोराचंही तेच. शीड चढवायच्या या दोराला हॅलयार्ड म्हणतात. शिडाची पुढची कड ताठ राहावी म्हणून तो हँडल फिरवून चांगला ताणतात. समजा दीडशे किलोचा ताण दिला, तर वरच्या पिनेवर तीनशे किलो आले. आडावर हा भार बादली काठाला लागेपर्यंत. इथे तो सकाळी शीड चढवल्यापासून संध्याकाळी उतरवेपर्यंत, आणि तोही एकसारखा नव्हे. प्रत्येक लाटेला झटका, प्रत्येक झोताला झटका.

मुलाच्या बोटीत आणखी एक गोष्ट आहे. सेंटॉरचं शीडकाम असं, की काठी पुढे किंवा मागे झुकू-पडू नये म्हणून लावलेल्या तारा थेट टोकालाच अडकवलेल्या असतात. म्हणजे काठीवर एक धातूची टोपी, त्या टोपीत पुढेमागे कप्प्या, आणि त्याच टोपीला पुढची तार, मागची तार. बाजूच्या तारांच्या पट्ट्याही तिथेच, थोड्या खाली. वर दिवा, वायरलेसचा अँटेना आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण (हा समुद्रपक्ष्यांची आवडती बैठक असल्यामुळे बहुधा वाकडा). तळहाताएवढ्या जागेत एवढा संसार. आडावरची कप्पी तुटली तर बादली पाण्यात पडते. इथलं काही तुटलं तर काठी पडते, आणि ती कुणाच्या तरी डोक्यावर पडते.

आता कप्पीकडे वळू. मुलाला फोन केलात की आधी एकच विचारा : तू किंवा तुझ्या आधीच्या मालकानं हॅलयार्ड बदललं का?

त्या काळच्या बोटींवर हॅलयार्ड बहुतेक वेळा निम्मं तारेचं आणि निम्मं दोराचं असायचं. वरच्या भागात चार-पाच मिलिमीटरची लवचीक पोलादी तार, हाताशी येणाऱ्या भागात दोर, आणि मध्ये दोन्हींची गुंफण. तार ताणली तरी लांबत नाही, म्हणून ती पद्धत. पण तारेसाठी कप्पीची खाच अरुंद आणि खोल लागते. पुढे तारेचे धागे तुटून बोटांत घुसू लागले, न लांबणारे चांगले दोर बाजारात आले, आणि मालकांनी तार काढून दहा मिलिमीटरचा दोर ओवून टाकला. कप्पी मात्र तीच ठेवली. वर चढून बघायचं कोणी?

मग काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. जाड दोर अरुंद खाचेत बसत नाही, तिच्या धारेवर चालतो. धार तारेनं आधीच खरवडून ठेवलेली, ती आता दोराचं आवरण कुरतडते. आणि कप्पीच्या आसात खेळ वाढला असेल तर ती एका बाजूला कलते, दुसऱ्या बाजूला फट उघडते, आणि दोर खाचेतून उडी मारून कप्पी आणि टोपीची भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. वर ओढताना जोर लावलेला असतो म्हणून तो कसाबसा सरकतो. खाली येताना ओढायला फक्त शिडाचं वजन, आणि ते पाचरीतून दोर सोडवायला पुरत नाही. 'वर जातं, खाली येत नाही' या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आपल्याकडच्या जुन्या शिडाच्या होड्यांना ही अडचण तितकी नव्हती. तिथे शिडाबरोबर आडवं परबाण असतं, लांबलचक आणि जड. दोर सोडला की ते स्वतःच्या वजनानं शिडाला खाली घेऊन येतं. या बोटीचं शीड काठीच्या मागच्या खाचेतून सरकतं, वर वजन असं काही नाही. म्हणून इथे कप्पी गुळगुळीत फिरणं ही सोय नाही, गरज आहे. वारा वाढला की शीड लहान करायचं असतं, आणि तेच उतरत नसेल तर पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. ही दुरुस्ती होईपर्यंत पोराला बंदराबाहेर जाऊ देऊ नका. आईनं सांगितलं तर जास्त ऐकेल.

बरं, मग वर चढून का बदलायची नाही? चढतात लोक. दोराला टांगलेल्या फळीवर किंवा जाड कापडाच्या झोळीत बसायचं, खाली दोघांनी हॅलयार्ड ओढायचं, शिवाय दुसरा दोर कंबरेला. दिवा बदलायला, अँटेना बघायला हे ठीक. मीही चढलोय, आणि वरून बंदर दिसतं फार सुंदर. पण इथे गोम अशी, की तुम्ही ज्या दोरावर टांगलेले असता तो दोर ज्या कप्पीवरून गेलाय, तीच कप्पी तुम्हाला काढायची आहे. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच. दुसऱ्या कप्पीवरून टांगून घेता येईल, पण ती त्याच वयाची, त्याच टोपीतली, आणि अनेक टोप्यांमध्ये दोन्ही बाजूच्या कप्प्यांच्या पिना एकमेकींच्या इतक्या जवळ की हात घालायला जागा नसते.

त्यात बोट स्थिर नसते. पाण्यापासून काठीचं टोक तीन मजली घराएवढं उंच धरा, दहा मीटर. शेजारून साउथॅम्प्टन ते काउझ जाणारी फेरी गेली आणि बोट दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच अंश डुलली, तर खाली उभ्या माणसाच्या हातातला चहाही सांडणार नाही. वरचा माणूस मात्र पावणेदोन मीटर इकडून तिकडे जाऊन येतो. त्या अवस्थेत त्यानं एका हातानं काठीला मिठी मारायची, दुसऱ्या हातानं पन्नास वर्षं जाम बसलेली पिन ठोकून काढायची, आणि तिसऱ्या हातानं कप्पी झेलायची. (सेंटॉरला तळाशी दोन कणे असतात, त्यामुळे ओहोटीला ती चिखलावर सरळ उभी राहते. तेव्हा चढलं तर डुलणं टळतं, हे खरं. पण भरती कुणासाठी थांबत नाही, आणि जाम पिन कधी निघेल ते आधी सांगता येत नाही.)

माझं मत विचाराल तर उंचीपेक्षाही मोठं कारण वेगळंच आहे. वर टांगलेला माणूस फक्त ज्यासाठी चढला तेवढंच बघतो. काठी खाली दोन घोड्यांवर आडवी ठेवली की माणूस चहा घेत, चष्मा लावून, बोटानं चाचपत सगळं बघतो. आणि बघण्यासारखं असतं ते बहुतेक कप्पीच्या शेजारी.

काय बघायचं, ते सांगतो. कप्पी काढली की तिची पिन व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोजायची. मधे आणि टोकांना फरक पडला असेल तर पिन बाद. तुम्ही किंगपिन बघत असाल तसंच. मग पिन ज्या भोकांत बसते ती भोकं. पिन स्टेनलेसची, भिंत ॲल्युमिनियमची, म्हणजे झिजणार कोण हे ठरलेलं. भोक गोल न राहता अंड्यासारखं झालं असेल तर नवी कप्पी टाकूनही ती वाकडीच चालणार. थोडं झिजलं असेल तर भोक मोठं करून जाड पिन घालता येते. जास्त असेल तर बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटनं बसवून नवं भोक पाडायचं. वेल्डिंगचा मोह आवरावा. काठीसाठी वापरतात ते ॲल्युमिनियम उष्णता देऊन कठीण केलेलं असतं, वेल्डिंगच्या आचेनं त्याच्या आजूबाजूची पट्टी पुन्हा मऊ पडते. नवीन सांधा दिसतो मजबूत, आणि काठी वाकते ती त्याच्या बाजूला.

आता तुमच्या खास विषयाकडे येऊ, जाम झालेल्या पिना. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. त्या बॅटरीत खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि फटीत गच्च बसून पिनेला आवळते. हातोड्यानं ठोकलं तर पिन बधत नाही, टोपी तडकते. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडून ठेवावं आणि सकाळी गरम हवेच्या गननं तापवावं. तेल असताना उघडी ज्योत तिथे नको. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जवळजवळ दीडपट पसरतं, एका अंशाला दहा लाखांत सुमारे 23 भाग विरुद्ध 16. म्हणजे भोक पिनेपेक्षा जास्त मोठं होतं. तापव, हलकं ठोक, थांब, पुन्हा तापव. बेअरिंग काढणाऱ्या माणसाला हे मी शिकवावं म्हणजे जरा जास्तच झालं.

नवी कप्पी कशाची? जुनी बहुधा टफनॉलची असेल, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेला तो तपकिरी पदार्थ, किंवा ॲल्युमिनियमची. आता ॲसिटलची घ्यावी, डेलरिन या नावानं जास्त ओळखतात, आणि काळ्या रंगाची, म्हणजे उन्हाला टिकते. लेथवाल्यानं स्वस्तात नायलॉनची करून देतो म्हटलं तर नको म्हणावं. नायलॉन पाणी पितं. भिजून भिजून वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शोषतं आणि फुगतं. वर्कशॉपमध्ये मस्त फिरणारी कप्पी पावसाळ्यात टोपीत अडकून बसते, आणि मग आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावर. ॲसिटल जेमतेम एक टक्का पाणी घेतं. खाच दोराच्या गोलाईची असावी, कप्पी टोपीत बसेल तेवढी मोठी आणि बाजूची फट इतकी कमी की दोराचा एक पेडही आत शिरणार नाही. नवा दोरही घ्यावा. कुरतडलेला दोर नव्या कप्पीवर घालणं म्हणजे फाटक्या टायरला नवी ट्यूब.

कप्पीवर इतकं बोललो, पण खरं सांगू का, कप्पीनं आजवर कुणाची काठी पाडल्याचं मी पाहिलेलं नाही. काठ्या पडतात त्या शेजारच्या तारांच्या पिनांमुळे आणि पट्ट्यांमुळे.

आधी पट्ट्यांबद्दल. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो म्हणून. तो थर खरवडला तरी पुन्हा धरतो, पण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. बोल्टच्या डोक्याखाली, पट्टी काठीला चिकटते तिथे, पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. तिथे थर धरत नाही, आणि धातू आतून किडत जातो. वरून पट्टी आरशासारखी चकाकत असते. खूण एवढीच, की कडेला बारीकशी तपकिरी रेघ ओघळलेली दिसते. ती फडक्यानं पुसून समाधान मानू नये. लाल रंग लावायचा, थोड्या वेळानं पुसून काढायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ काढून दाखवतो. कुठल्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये हे करतात, तुम्ही केलंही असेल. पन्नास वर्षांच्या बोटीत पट्टीवर लाल रेघ दिसली तर पट्टी बदलायची, चर्चा नाही. आणि तिथल्या विमा कंपन्या जुन्या बोटीच्या तारा किती वर्षांच्या आहेत हे विचारतातच, तेव्हा काठी खाली आहे तोवर त्यांचाही विचार करून टाकावा.

आणि स्प्लिट पिन. टाय रॉडच्या नटातली स्प्लिट पिन विसरली तर काय होतं ते तुम्ही जाणता. इथे प्रत्येक तारेच्या टोकाला एक आरपार पिन, आणि ती निसटू नये म्हणून एक स्प्लिट पिन. 5 मिलिमीटरची तार दोन टनांच्या आसपास भार घेते, त्या तारेची पिन साधारण दुप्पट जाडीची, दहा मिलिमीटरची. हे सगळं राखणारी स्प्लिट पिन मात्र काडेपेटीतल्या काडीएवढी.

तरुणपणी मुंबई बंदरात एका मित्राच्या जुन्या बोटीवर आम्ही दर रविवारी जायचो. एके सकाळी डेकवर मला अशीच एक वाकडी, एक पाय तुटलेली स्प्लिट पिन सापडली. कुठली तरी असेल म्हणून खिशात टाकली. दुपारी उरणच्या बाजूनं परतताना पुढची तार सैल वाटू लागली. दुर्बीण लावली तर टोकावरची पिन अर्धी बाहेर, आणि प्रत्येक लाटेला अजून एक सूत बाहेर. बोट वळवून वारा पाठीवर घेतला, म्हणजे पुढच्या तारेवरचा ताण गेला. पुढचं शीड उतरवलं, त्याचंच हॅलयार्ड नाळेच्या कडीला अडकवून तारेऐवजी ताणून धरलं, आणि इंजिनावर घरी आलो. पिन माझ्या खिशातच होती. आदल्या वर्षी ती आम्हीच बसवली होती, जुनीच सरळ करून पुन्हा वाकवलेली. तेव्हापासून डेकवर वाळूच्या कणाएवढा धातू सापडला तरी तो कुठून आला हे कळेपर्यंत बोट सुटत नाही.

मुलाला सांगा : नवी स्प्लिट पिन, लांबी पिनेच्या व्यासाच्या दीडपट, टोकं कानशीनं गोल केलेली. पाय गुंडाळून फुलं करू नयेत, तशी पिन पुढच्या वेळी निघता निघत नाही आणि वाकवताना दुबळी होते. दोन्ही पाय थोडेसे फाकवायचे, बस. वरून टेप, म्हणजे शीड फाटत नाही.

सगळं परत जोडताना स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे प्रत्येक आट्याला, प्रत्येक भोकाला मध्ये पाणी शिरू न देणारं लेपण लावायचं. तिथे ड्युरलॅक नावाची पिवळी पेस्ट मिळते, तिच्यात क्रोमेट असतं म्हणून हातमोजे घालून. पट्टीखाली प्लॅस्टिकची पातळ चकती. बॅटरीतलं पाणी काढलं की बॅटरी बंद.

आता तुमचे नटबोल्ट. पाठवू नका. बाजारात स्टेनलेस म्हणून सर्रास मिळतं ते 304, म्हणजे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. घरात, डेअरीत, गाडीत उत्तम. समुद्रावर लागतं ते 316, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम जास्त, आणि मिठाशी झुंजायला तेवढंच कामाला येतं. दोन्ही दिसायला सारखी. भांड्यांच्या दुकानात आपण लोहचुंबक लावून बघतो, ती परीक्षा इथे चालत नाही, कारण चुंबक दोघांनाही जवळजवळ धरत नाही. दुकानदार शपथेवर 316 म्हणाला तरी बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय काठीच्या टोकावर तो जाऊ नये. मिरजेहून पाठवलेल्या बोल्टावर पोराची काठी उभी, आणि झोप तुमची जायची.

पण सुनेच्या हाती रिकामं पाठवणं तुम्हाला जड जाईल, हे मी समजतो. त्याला एक वाट आहे. काठी पुन्हा उभी करताना तिच्या बुडाशी एक नाणं ठेवायची फार जुनी चाल आहे. लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ टेम्स नदीच्या गाळात 1962 मध्ये एक रोमन गलबत सापडलं. त्याच्या काठीच्या खोबणीत डोमिशियन बादशहाचं नाणं होतं. त्या मुलखात आजही पुष्कळ जण ही चाल पाळतात. मात्र रुपयाचं नवं नाणं पाठवू नका. ते स्टेनलेसचं, काठी ॲल्युमिनियमची, भोवती खारं पाणी, म्हणजे वरची बॅटरी काढून आपण खाली नवी बसवली. देव्हाऱ्यातल्या किंवा शिवणाच्या डब्यात शोधा, जुनं चौकोनी पाच पैशाचं नाणं सापडेल, नाहीतर षटकोनी वीस पैशाचं. ती ॲल्युमिनियमची.